काळ्या गाडीवरची साय

१२ फेब्रुवारी
ही वही डॉक्टरांच्या हुकमावरून सुरू करतोय. डॉक्टर माझे नव्हेत, गाडीचे मालक. छातीचे डॉक्टर आहेत. झाडाची फांदी पडून टप आणि बॉनेट चेपलं म्हणून आपली काळी गाडी घेऊन आले. मी टपावरून हात फिरवत सांगत होतो की डॉक्टर, अर्धवट रंगवली तर ठिगळ दिसेल, आख्खीच करू. बोलता बोलता मला उबळ आली आणि त्यानंतर माणसाने गाडीकडे बघितलंच नाही. माझ्याकडेच बघत बसले. किती दिवस खोकता? संध्याकाळी वाढतो? सुट्टीच्या दिवशी कमी असतो? जिना चढता येतो का?

म्हटलं, डॉक्टर, मी तुमच्या गाडीला तपासतोय, तुम्ही मला कशाला तपासताय? हसले, पण सोडलं नाही. रोज दोन ओळी लिहा म्हणाले, खोकला कधी आला, कधी गेला, पायऱ्या चढताना कितीदा थांबलात. आमचं कारखान्याच्या वर घर, पायऱ्या चौदा. गिऱ्हाईक मोठं आहे, नाही कसं म्हणणार.

जाताना ते हिच्याशी वजनकाट्यापाशी बराच वेळ बोलले. काय म्हणत होते विचारलं तर ही म्हणाली, "गाडीबद्दलच." चेहरा उतरला होता तिचा.

खोकला: संध्याकाळभर. पायऱ्या: दोनदा थांबलो.

१४ फेब्रुवारी
गाडी घासून झाली. घासायचं, कागद चिकटवायचा आणि शेवटी मशिनने पॉलिश मारायचं काम माझ्या मेहुण्याकडे, हिच्या धाकट्या भावाकडे. चोवीस वर्षं आहे माझ्याजवळ. त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पाना लागतो, पण हाताखालून पत्रा असा येतो की माशी बसली तर घसरावी. मिश्रण हिच्याकडे. काट्यावर भांडं ठेवून ती क्लिअर, म्हणजे वरचा चकाकीचा थर, आणि तो कडक करणारं हार्डनर ओतते तेव्हा आकडा पुढे-मागे होत नाही. रंग फवारायची गन मात्र माझी. ती मी कोणाच्या हातात देत नाही.

जेवताना ही म्हणाली, हवेच्या नळीचा मुखवटा आणलाय तो वापरा की, वर्षभर खुंटीला लटकतोय. तिला शंभरदा सांगितलंय. पांढरी गाडी असती तर गोष्ट वेगळी. काळ्यावर ओला थर कुठे संपला, कुठे कमी पडला, ते नुसत्या डोळ्यांना दिसावं लागतं. मुखवट्याच्या काचेतून काळा दिसत नाही. तोंडाला साधी पट्टी बांधतो आणि शेवटच्या हाताला तीही खाली ओढतो, कारण तिच्यामुळे चष्म्यावर वाफ धरते. माझ्या वस्तादानेही आयुष्यभर असंच केलं. तो लवकर गेला ती गोष्ट वेगळी, बिड्या फार ओढायचा.

"हार्डनर वाईट असतं म्हणतात," ही म्हणाली.
"आणि ते नसलं तर क्लिअर कसं कडक होणार? तुझ्या लाटण्याने?"
मेहुणा खाली मान घालून जेवत होता. म्हणाला, "दाजी, या वेळी गन मी मारू का?" मला हसूच आलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा आपणहून बोलला आणि तेही हे.

१५ फेब्रुवारी
मारली. काळा बसला की काय सांगू! क्लिअरचे दोन हात दिले आणि बूथमधल्या, म्हणजे रंगाच्या बंद खोलीतल्या, चारी ट्यूबलाइट गाडीत उतरल्या. आज मिश्रण गनमधून पाण्यासारखं सुटत होतं. हिला म्हटलं, आज थिनर जास्त झालं का गं? म्हणाली, गार हवा आहे, तुम्हालाच तसं वाटतंय.

खोकला: होता, पण रोजच्यासारखा नाही. पायऱ्या: एकदा थांबलो.

१९ फेब्रुवारी
डॉक्टर गाडी घेऊन गेले. जाताना गाडीपेक्षा माझ्याच श्वासाकडे कान. वही लिहिताय ना, म्हणाले. लिहितोय म्हटलं. दवाखान्यात या एकदा. येईन म्हटलं. जातोय कोण.

२ मार्च
बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला खोकलाच नाही. म्हणजे आहे, पण माणसात आलोय. मधे दोन गाड्या झाल्या, एक गर्द निळी, एक तपकिरी. सलग झोप लागते. फ्रिजचं पाणी सोडलं त्याचा गुण. डॉक्टरांना सांगितलं पाहिजे, एवढं शिकून जे कळलं नाही ते आम्हाला माठाने कळलं.

ही हल्ली माझ्याकडे बघत उभी राहते. काय गं म्हटलं की म्हणते काही नाही. काल तर माझ्या पाठीवर हात ठेवून होती बराच वेळ. या वयात!

पायऱ्या: न थांबता चढलो.

११ मार्च
डॉक्टरांची गाडी परत आली.

बॉनेटवर आणि टपावर साय धरल्यासारखं झालंय. समोरून बघितलं तर काळी, तिरकं बघितलं तर राखाडी. दिव्याचं प्रतिबिंब कडेला विरघळलेलं. माझ्या हातची गाडी! डॉक्टर बिचारे म्हणत होते की एवढं काही नाही हो, तुमची तब्येत कशी आहे. मला त्या वेळी तब्येत ऐकायची नव्हती. म्हटलं, गाडी ठेवून जा, काय झालंय ते शोधल्याशिवाय मी नाव लावणार नाही.

ही काट्यापाशी उभी होती. तिच्या हातातून झाकण पडलं.

१२ मार्च
धुरकटपणाची दहा कारणं असतात. एकेक धरून सोडायचं, घाई करायची नाही.

आधी गाडी धुतली. ओली असताना साय नाहीशी होते, वाळली की परत येते. म्हणजे खोट वरच्या अंगाला आहे, खालचा काळा धड आहे. जीव जरा भांड्यात पडला. मग दिवा तिरका धरून बघितलं. मशिनचे गोल गोल ओरखडे असतात ते उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. तसे थोडे होते. मेहुण्याला म्हटलं, घाई केलीस. बॉनेटच्या कोपऱ्यात हातभर जागा आखून हाताने पॉलिश मारलं. आरसा झाला. मेहुण्याला चार शब्द सुनावले आणि मोकळा झालो.

१५ मार्च
मोकळा कसला. आखलेली जागा परत मेली. तीन दिवसांत तशीच साय. पॉलिशची चूक असती तर एकदा घासल्यावर चमक टिकली असती. उगाच बोललो त्याला. चूक झाली असं म्हणायला गेलो, पण तो बूथ झाडत होता, राहून गेलं.

१६ मार्च
कंप्रेसरची टाकी उघडली. हवेतून पाणी गेलं तरी क्लिअर दुधाळ होतं. पेलाभर पाणी निघालं, तेवढं नेहमीच निघतं. गाळणी कोरडी. बरं, पाण्याने झालं असतं तर दुसऱ्याच दिवशी दिसलं असतं, तीन आठवडे थांबलं नसतं. तेही कारण गेलं.

गर्द निळीवाल्याचा फोन आला. त्याच्याही बॉनेटवर "वाफ बसल्यासारखं" दिसतंय.

१८ मार्च
आज सापडलं. फडकं थिनरमध्ये बुडवून बॉनेटच्या आतल्या काठावर वीस वेळा घासलं. पिकलेलं क्लिअर असल्या फडक्याला दाद देत नाही. इथे फडकं चिकट झालं आणि नखाने दाबलं तर खूण उठली. महिना उलटला तरी मऊ! मागच्या वर्षीचं एक डिकीचं झाकण कोपऱ्यात पडलंय, त्याच्यावर तेच फडकं घासलं. ढिम्म.

म्हणजे हार्डनर कमी. वरून सुकलं, आत कच्चंच राहिलं, आणि आतला ओलावा हळूहळू निघत गेला तशी चमक मरत गेली.

खोकला: हो, चिडलो की येतोच. पायऱ्या: एकदा.

१९ मार्च
डबा खराब असेल म्हणून दोन जुनी झाकणं घेतली. त्याच डब्यातलं हार्डनर, मी स्वतः मोजून, दोनाला एक. दिव्याखाली रात्रभर भाजायला ठेवली. सकाळी दगड झाली होती दोन्ही. डबा चोख आहे. मग मोजणाऱ्याने चुकवलं.

ही चुकणं शक्य नाही. मिठाची चिमूटसुद्धा ती सारखी टाकते. पण ओतलेलं भांडं काट्यावरून माझ्या गनपर्यंत कोण आणतं? हिचा भाऊ. मधे त्याने थिनर घालून वाढवलं असणार. का, ते त्यालाच ठाऊक.

२१ मार्च
विचारलं. सरळ विचारलं, बूथच्या दारात, ही पण होती. "भांड्यात काय केलंस?"

तो हिच्याकडे बघत राहिला. ही पुढे आली, तोंड उघडलं तिने, तर त्याने मान हलवली, नको अशी. बहिणीला मधे घालायचीही लाज वाटली असेल. मग मला म्हणाला, "चुकलं, दाजी. माझ्याकडून कमी पडलं."

"तीन गाड्यांना?"
"हो."
"का पण?"
तो हातातला घासायचा कागद उलटसुलट करत राहिला. माझं डोकं फिरलं. काय काय बोललो ते लिहवत नाही. चोवीस वर्षांत कमावलेलं नाव तू धुळीला मिळवलंस म्हटलं, भाऊ म्हणून पोसला म्हटलं. पोसला नव्हता, त्याने माझ्याइतकंच काम केलंय, पण तोंडातून गेलं. त्याने ॲप्रन काढून घडी घातली आणि काट्याशेजारी ठेवली. हिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

ही दिवसभर वर आलीच नाही. खाली काट्यापाशी बसून होती.

२२ मार्च
ही म्हणाली, "अहो, ते त्याच्याकडून नाही, माझ्याकडून झालंय. मी कमी घालत होते."
म्हटलं, भावाची बाजू घे, पण असं नको. तुझा काटा मला माहीत नाही होय?
"मुद्दाम घालत होते."
"पुरे," म्हटलं. भावासाठी माणूस काय वाटेल ते बोलतं. मला उलट तिची कीव आली. तिला म्हटलं, आजपासून मिश्रण मी करणार, तुझ्यावर संशय नको आणि माझ्यावर उपकार नकोत.

ती रडली. बायका भावापायी फार रडतात.

२४ मार्च
डॉक्टरांच्या गाडीवरचं कच्चं क्लिअर खरवडून काढलं. एकट्याने घासायचं म्हणजे जीव जातो. मेहुण्याचा हात असता तर दुपारपर्यंत झालं असतं.

आज मिश्रण मी केलं. दोनाला एक, वर थोडं आणखी, मनाला खात्री म्हणून. ही बूथच्या दारात मुखवटा घेऊन उभी. "एवढं ऐका माझं. पाया पडते." घातला, नाही असं नाही. पहिला हात त्यातूनच दिला. दुसऱ्याला काच धुरकटली, बॉनेटची कड दिसेना, मग काढला. तिने दार बडवलं बाहेरून. हातातली गन अशी मधे थांबवता येते का?

पण काय बसलंय! नख लावायची छाती होणार नाही.

खोकला: फार. पायऱ्या: चारदा. शेवटच्या दोन बसून.

२६ मार्च
गर्द निळीही आज उरकली. पुन्हा वरचं थोडं हार्डनर. छातीवर कोणी पाटा ठेवलाय असं वाटतं. सर्दी उतरलीय. माठाचं पाणीही बंद.

बूथमध्ये मेहुण्याच्या झाडूचा आवाज नसतो, ते जाणवतं.

३ एप्रिल
हॉस्पिटलमधून लिहितोय.

सत्तावीसला तपकिरी गाडी करताना बूथमध्येच पडलो म्हणे. मला एवढंच आठवतं की हवा आत जात होती आणि बाहेर येत नव्हती. हिने काखेत हात घालून फरफटत बाहेर ओढलं. पंचावन्न किलोची बाई. तिचा खांदा निखळलाय.

डॉक्टर रोज येतात, तेच डॉक्टर. आज म्हणाले, वही आणा, बघू. हिने आणली. म्हटलं, देण्याआधी एकदा नजर टाकतो, तुमच्याबद्दल भलतंसलतं लिहिलंय. त्यांच्याबद्दलचं शोधता शोधता सगळीच वाचली.

दोनदा वाचली. गाडीला लावतो ती रीत लावली: कधीपासून बिघडलं, मधे कधी सुधारलं, त्या वेळी काय बदललं होतं. पंधरा फेब्रुवारीपासून मी माणसात आलो. पंधरा फेब्रुवारीपासूनच गाड्या मऊ. चोवीस मार्चला काट्यावर मी बसलो आणि तिसऱ्या दिवशी आडवा झालो. मधल्या पानांवर माझ्याच अक्षरात: "फ्रिजचं पाणी सोडलं त्याचा गुण."

कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं. पंधरा दिवस बॉनेटला नखं लावत बसलो आणि घरात काय चाललंय ते दिसलं नाही.

ही पलंगाशेजारी बसली होती, हात गळ्यात बांधलेला. विचारलं, "निम्मं घालत होतीस?"
"निम्म्याहून थोडं जास्त."
"गाड्या मऊ पडतील हे तुला कळत नव्हतं?"
"कळत होतं. वाटलं, वरून चमकेल, कोण नख लावून बघतंय. डॉक्टर म्हणाले होते, याने जीव जाईल यांचा. तुम्हाला सांगून तुम्ही ऐकलं असतंत?"
"आणि तो?"
"त्याला मी सांगितलं होतं पहिल्याच दिवशी. तो म्हणाला, ताई, पकडले गेलो तर माझं नाव घे, तुझं कळलं तर दाजी काटा तुझ्याकडून काढून घेतील."

मी तोंड भिंतीकडे केलं. तिला रडलेलं दिसू नये एवढ्यासाठीच.

डॉक्टरांना विचारलं, अर्ध्या हार्डनरने मी वाचलो असतो का? खोटं बोलत नाहीत ते. म्हणाले, "काही दिवस लांबलं असतं. पण आता छाती त्याला ओळखते. यापुढे थेंबही नको. बूथमध्ये पाऊल नको, कपड्यांना लागलेलंही घरात नको." काळी गाडी? नको. साध्या पट्टीने, दोन मिनिटांसाठी? त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

१४ एप्रिल
घरी आलो. पायऱ्या: पाचदा. खाली कारखान्याला कुलूप. मेहुण्याला फोन लावला, तीनदा. उचलत नाही. काय बोलायचं तेही ठरलं नव्हतं. ही म्हणाली, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कारखान्यात लागलाय तो. म्हटलं, पॉलिशला? म्हणाली, नाही, गनवर. म्हणतो, घासणारे त्यांच्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना काळ्यावर नजर बसलेला माणूस हवा होता.

चोवीस वर्षं तो माझ्या मागे उभा राहून बघत होता, गन न धरता. आता धरलीय.

१५ एप्रिल
दोघं रिक्षाने गेलो. ही खुंटीवरचा मुखवटा पुसून पिशवीत घेऊन आली होती. त्या कारखान्याच्या फाटकापाशीच माझी छाती आवळायला लागली, म्हणून मी रस्त्यापलीकडे, टपरीच्या बाकावर बसलो. तिथून बूथची काच दिसते. आत काळी गाडी होती. तो बॉनेटवर दुसरा हात देत होता. वाकणं माझं, मनगट माझं, पायाची ठेवण माझी. कडेला आला, गन बाजूला धरली, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि मान तिरकी करून ओल्या काळ्याकडे बघितलं. थेट माझ्यासारखं.

मी उठून हाक मारली. मारली म्हणजे तोंड उघडलं. रस्त्यापलीकडे जाईल एवढा आवाज आता माझ्यात नाही, आणि वर त्यांचा कंप्रेसर चालू. बाकावरच्या माणसाने मला पाणी दिलं.

ही आत गेली. काचेतून दिसत होतं, तो हिच्याशी बोलताना हसला, हिच्या खांद्याची चौकशी केली असावी. माझ्याकडे हात केला. रागावलेला नव्हता, हे बघून मला जास्तच लागलं. पाचेक मिनिटांनी ही बाहेर आली. मुखवटा पिशवीतच होता.

"मी माफी मागितलीय हे सांगितलंस?"
"सांगितलं. म्हणाला, दाजींना म्हणावं, काळजी करू नका, मला राग नाही."
"आणि मुखवटा का घेतला नाही?"
तिने आधी रिक्षाला हात केला. मग म्हणाली, "म्हणाला, मला कुठे काय होतंय. आणि ताई, त्या काचेतून काळा दिसत नाही."

खोकला: नव्हता. पायऱ्या: सहादा थांबलो. शेवटी हिने खुर्ची आणली.